तुटलेलं की तोडलेलं?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला 'अ ब्रोकन ब्रांच' या तीन शब्दांचं मराठी करायला सांगितलं, तर ते थोडं थांबतं. फांदी तुटलेली आहे की तोडलेली, हे इंग्रजीनं त्याला सांगितलेलं नसतं. वाऱ्यानं गेली असेल तर तुटलेली, कुणी कोयता चालवला असेल तर तोडलेली. आमची मुलगी इथे बर्लिनच्या शाळेत जाते. तिला इंग्रजीत आणि जर्मनमध्ये या जागी एकेकच शब्द पुरतो. घरच्या भाषेत मात्र तिला आधी विचारावं लागतं, की नक्की झालं काय होतं.

इंग्रजीत याला 'पास्ट पार्टिसिपल' म्हणतात. आपल्याकडच्या व्याकरणात धातुसाधित विशेषण. क्रियापद घ्यायचं, त्याला भूतकाळाचं रूप द्यायचं आणि नामापुढे उभं करायचं. 'ब्रोकन', 'क्लोज्ड', 'टायर्ड', 'बोअर्ड'. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेला विनोदही इथलाच. एखादा मुलगा वर्गात उठून 'आय ॲम बोअरिंग' म्हणतो आणि सगळे हसतात. त्याला म्हणायचं असतं, मी कंटाळलोय. तो सांगून बसतो, मी कंटाळवाणा आहे. कुणी केलं आणि कुणाला झालं, यांची अदलाबदल होते. वर्गात ती हसण्यावारी जाते. वर्गाबाहेर तीच अदलाबदल अनेकदा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दल.

'शेजाऱ्यानं परवा फांदी तोडली' या वाक्यात माणूस आहे, दिवस आहे, कृती आहे. त्याची 'तोडलेली फांदी' झाली की शेजारी गेला, परवाही गेला. उरली कृती, तीही फांदीला रंगासारखी चिकटलेली. हिरवी फांदी, वाळकी फांदी, तोडलेली फांदी. यात भाषेचा काही कावा नाही. प्रत्येक वस्तूचा सगळा इतिहास दर वेळी सांगत बसलो तर जेवायची वेळ टळून जाईल. आपण 'शिजवलेला भात' म्हणतो, 'धुतलेले कपडे' म्हणतो आणि काम भागतं. (भात कुणी शिजवला, कपडे कुणी धुतले, हे विचारण्याची वेळ पुष्कळ घरांत तीन पिढ्या आलीच नाही, ही गोष्ट वेगळी.)

प्रश्न उभा राहतो तो हे विशेषण माणसाला लावल्यावर. एखाद्याला आपण त्याच्यावर झालेल्या कृतीच्या नावानं हाक मारू लागलो, तर त्याचं भलं करतो की वाईट? आणि ज्यानं ती कृती केली, त्याला वाक्यातून जाऊ देणं योग्य आहे का?

बर्लिनमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न रस्त्यात भेटतो. ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून चार पावलांवर करड्या काँक्रीटच्या २,७११ ठोकळ्यांचं मैदान आहे. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण तिथे नेतो. त्याला सगळे 'होलोकॉस्ट मेमोरियल' म्हणतात, पण त्याचं खरं नाव तसं नाही. जर्मन संसदेनं २५ जून १९९९ रोजी ठराव केला आणि २००५च्या मे महिन्यात ते खुलं झालं, ते 'युरोपातल्या खून केलेल्या ज्यूंचं स्मारक' या नावानं. मूळ जर्मन विशेषण आहे 'एर्मोर्डेट'. 'मृत' नाही, 'बळी पडलेले' नाही, 'खून केलेले'.

या शब्दाचं वजन कळायला दुसरा एक जर्मन शब्द शेजारी ठेवावा लागतो. जर्मनीतल्या कुठल्याही लहान गावात गेलात, तर चर्चजवळ पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचा दगड असतो आणि त्यावर बहुधा 'गेफालन' या शब्दाचं एखादं रूप असतं; म्हणजे 'पडलेले'. मराठीतही सैनिक 'धारातीर्थी पडतात' किंवा 'कामी येतात'. व्याकरणाच्या दृष्टीनं हे तुटलेल्या फांदीसारखं आहे. पडण्याला कर्म नाही, आणि पाडणाराही नाही. 'खून केलेले' म्हटल्यावर मात्र 'कुणी?' हा प्रश्न वाक्याच्या दाराशी येऊन उभा राहतोच.

पण तो दाराशीच राहतो, हेही खरं. स्मारकावर टीका करणाऱ्या काहींनी नेमकं हेच म्हटलं आहे, की या नावात खून आहे आणि खुनी नाही. त्याच परिसरात आणखी दोन स्मारकं आहेत. नाझी काळात छळ झालेल्या समलिंगी व्यक्तींचं २००८ सालचं आणि खून झालेल्या सिंती व रोमा लोकांचं २०१२ सालचं. दोन्हींच्या जर्मन नावात तशीच धातुसाधित विशेषणं आहेत, आणि कर्त्याच्या जागी 'राष्ट्रीय समाजवादाच्या काळात' एवढंच. काळ काही कुणाचा खून करत नाही. कर्त्याची नावं वाचायची असतील तर थोडं चालून 'टोपोग्राफी ऑफ टेरर'ला जावं लागतं. गेस्टापोचं मुख्यालय जिथे होतं त्याच जागेवर ते आहे. तिथे हुद्दे आहेत, सह्या आहेत, चेहरे आहेत. मला ही दोन ठिकाणं मिळून एक पूर्ण वाक्य वाटतं. एकीकडे ज्यांच्यावर झालं ते, दुसरीकडे ज्यांनी केलं ते. मात्र ते वाक्य पुरं करायला आपल्याला स्वतः पायी चालावं लागतं, आणि पुष्कळ पर्यटक पहिल्या ठिकाणी फोटो काढून परत फिरतात.

याच शहराच्या नैर्ऋत्येला वान्झे तलावाकाठी एक बंगला आहे. २० जानेवारी १९४२ रोजी तिथे पंधरा जण बैठकीला बसले. बहुतेक मोठे सरकारी अधिकारी, त्यातले बरेचसे कायद्याचे पदवीधर. बैठकीचं इतिवृत्त उपलब्ध आहे. त्यात ज्यूंसाठी वापरलेलं एक विशेषण आहे 'एवाकुइर्ट', म्हणजे 'दुसरीकडे हलवलेले'. व्याकरण अगदी तेच, स्मारकावर आहे तेच. कर्ता दोन्हीकडे नाही. फरक एवढाच, की एकानं खरं क्रियापद निवडलं आणि दुसऱ्यानं खोटं. म्हणजे धातुसाधित विशेषण स्वतः ना प्रामाणिक ना लबाड. संस्कृतात हे रूप ज्या 'क्त' प्रत्ययानं होतं, त्याला आणि 'क्तवतु'ला मिळून पाणिनीनं 'निष्ठा' अशी संज्ञा दिली आहे. तिथे तो नुसता पारिभाषिक शब्द आहे. पण मराठी माणसाच्या कानाला त्यातून एक प्रश्न ऐकू येतो: हे रूप घडलेल्या गोष्टीशी निष्ठा राखतं का?

हा प्रश्न घेऊन आपल्याकडे वळलं, तर आधुनिक महाराष्ट्राचा मोठा भाग या एकाच प्रत्ययानं लिहिलेला दिसतो. 'अस्पृश्य' हा शब्द पाहा. तो भूतकाळाचा नाही. स्पृश्य म्हणजे स्पर्श करण्याजोगा, अस्पृश्य म्हणजे स्पर्श करू नये असा. या शब्दात काही घडलेलंच नाही. जणू त्या माणसातच काही आहे, ज्यामुळे त्याला शिवू नये. महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. त्याआधी १९२४मध्ये स्थापलेली संस्था 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. 'अस्पृश्य' हा शब्द त्या काळी सर्रास चालत होता आणि त्यांच्या लिखाणातही तो येतो. पण नाव देताना त्यांनी जो शब्द घेतला, त्यात कृती आहे. बहिष्कृत म्हणजे बहिष्कार घातलेला. घातलेला म्हटलं, की घालणारा आला. आणि जे घातलं गेलं, ते काढताही येतं. 'शिवू नये असा' या शब्दाला बाहेर पडायला वाट नाही, 'बहिष्कृत'ला आहे.

सरकारी भाषेनं याच लोकांसाठी दुसरी विशेषणं वापरली. इंग्रजांचा आधीचा शब्द होता 'डिप्रेस्ड क्लासेस', दाबलेले वर्ग. १९३५च्या कायद्यात ते 'शेड्यूल्ड' झाले, म्हणजे अनुसूचित, यादीत घातलेले. हेही कर्मणी विशेषणच, पण त्यातली कृती कारकुनाची. अन्याय कुणी केला हे त्यात नाही; नोंद कुठे केली, एवढं आहे. हक्क मिळायला ती यादी लागते, म्हणून तो शब्द वाईट म्हणता येत नाही. पण तो आठवण ठेवत नाही. मग १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. 'दल्' या धातूचा अर्थ फुटणं आणि फोडणं अशा दोन्ही बाजूंना जातो. म्हणजे नुसत्या शब्दावरून दलित तुटलेला की तोडलेला, ते कळत नाही. पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्यानं हा संशय ठेवला नाही. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, ज्यांचं शोषण होतं ते सगळे त्यानं दलित या शब्दात घेतले. शब्द जुनाच होता, पण तो लावून घेणाऱ्यांनी त्याचा कर्ता पुन्हा विचारला.

याच्या उलट काय होतं, तेही मराठीतच स्पष्ट दिसतं, कारण आपल्याकडे दोन रूपं आहेत. आपण 'मागासलेला' म्हणतो, 'मागे ठेवलेला' म्हणत नाही. पहिला शब्द तुटलेल्या फांदीचा. माणूस चालता चालता आपणच मागे पडला. धरणाखाली गेलेल्या गावाला आपण 'बुडालेलं' म्हणतो. भिंत बांधून पाणी अडवलं, म्हणून खरं तर ते 'बुडवलेलं' असतं. आपण स्वतःला 'शिकलेले' म्हणतो. 'शिकवलेले' हा शब्द बरोबर असला तरी कानाला खटकतो, कारण त्यात आईवडील येतात, शिक्षक येतात, सरकारी अनुदानावर चालणारं कॉलेज येतं, आणि ज्यांच्या करातून ते चाललं ते अनोळखी लोकही येतात. आपलं चांगलं असेल ते आपोआप आपलं, आणि दुसऱ्याचं वाईट असेल तेही आपोआप त्याचं, अशी ही सोयीची विभागणी आहे. एका ठिकाणी मात्र आपली भाषा निर्दयपणे अचूक आहे. नवऱ्यानं सोडलेल्या बाईला गावात 'टाकलेली' म्हणतात. कृती अचूक सांगितली, पण कलंक गेला तो जिच्यावर कृती झाली तिच्याकडे. ज्यानं टाकलं, त्याच्यासाठी तसं विशेषण मराठीत नाही. म्हणजे कर्ता सूचित होणं पुरेसं नाही. बोट कुणाकडे वळतं, तेही पाहावं लागतं.

कर्ता विचारणं हे वाटतं तितकं सोपं नाही, हे पुन्हा जर्मनीच दाखवते. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून सुमारे १ कोटी २० लाख जर्मनांना घरदार सोडावं लागलं. पश्चिम जर्मनीनं त्यांना 'फरट्रीबेने' म्हटलं, हाकलून दिलेले. १९५३मध्ये त्याच नावानं त्यांच्यासाठी कायदा केला. पूर्व जर्मनीत त्याच लोकांना 'उमझीडलर' म्हणत, म्हणजे वस्ती बदलणारे. हाकलणाऱ्यांत सोव्हिएत रशिया आणि शेजारची मित्रराष्ट्रं होती, त्यांचा उल्लेख अडचणीचा होता. बर्लिन शहर या दोन शब्दांमध्ये दुभंगलं होतं. पण 'हाकलून दिलेले' हा खरा शब्दही एका ठिकाणी थांबत होता. हाकललं कुणी, याचं उत्तर तो देई. ज्या युद्धामुळे हे घडलं ते १९३९मध्ये कुणी सुरू केलं, हे तो विचारत नसे. एका कर्त्याच्या मागे दुसरा असतो. 'कुणी?' हा प्रश्न आपल्याला आवडेल अशा उत्तरावर थांबवणं, हीही एक लबाडी होऊ शकते.

मराठीतला 'निर्वासित' हाही मुळात कर्मणी शब्द, घराबाहेर घालवलेला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली आणि त्यांना हा शब्द चिकटला. छावणीचं उल्हासनगर झालं, तिथे बाजार उभे राहिले, कारखाने चालले. तरी भाग ओळखले जातात ते अजून कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन असेच. कृती एका वर्षाची असते. विशेषण तीन पिढ्या टिकतं.

आजच्या बर्लिनमध्ये असं एक विशेषण आहे, 'गेडुल्डेट'. सहन केलेला, चालवून घेतलेला. ज्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला आहे, पण ज्याला काही कारणानं परत पाठवता येत नाही, त्याला जर्मन कायद्याच्या कलम ६०-अ नुसार 'डुल्डुंग' मिळते. तो राहण्याचा परवाना नव्हे. हद्दपारी तात्पुरती थांबवल्याचा कागद. देश सोडण्याचं त्याचं बंधन कायमच असतं. कागद काही महिन्यांचा असतो आणि पुन्हा पुन्हा वाढवला जातो. अशा साखळीत लोकांची वर्षंच्या वर्षं जातात. २०२२च्या शेवटी आलेल्या एका तरतुदीनं पाच वर्षं अशी काढलेल्यांना अठरा महिन्यांची संधी दिली, ती या साखळीची कबुलीच होती. जर्मन व्याकरणात 'दार बंद आहे' आणि 'दार बंद केलं जातंय' यांसाठी दोन निराळी कर्मणी रूपं आहेत. एक स्थितीचं, एक क्रियेचं. माणूस गेडुल्डेट 'आहे' असं म्हटलं, की ती त्याची स्थिती होते, उंची किंवा रक्तगट असावा तशी. प्रत्यक्षात दर काही महिन्यांनी कुणीतरी सही करून त्याला पुन्हा एकदा चालवून घेत असतं.

आपण मराठी मंडळी इथे बहुतेक वेगळी विशेषणं घेऊन येतो. पदवी 'मान्य केलेली', कौशल्य 'प्रमाणित केलेलं', आणि काही वर्षांनी आपण 'नागरिक करून घेतलेले'. परदेशी नागरिकांच्या कागदपत्रांचं बर्लिनमधलं कार्यालय आपल्यालाही तेच आणि त्यांनाही तेच. फरक असा, की आपली विशेषणं आपण चटकन स्वतःचे गुण म्हणून अंगावर चढवतो. मान्य केलेलं म्हणजे कुणीतरी मान्य केलं, आणि तो कुणीतरी उद्या नियम बदलू शकतो, हे आपण विसरतो. मग दिवाळीच्या कार्यक्रमात 'ते लोक' हा विषय निघतो आणि आपण चालवून घेतलेल्यांबद्दल असं बोलतो, जणू आपण स्वयंभू आहोत.

मग माणसाला असली विशेषणं लावूच नयेत का? मला तसं वाटत नाही. 'बहिष्कृत'च्या जागी 'भारतीय' एवढंच लिहिलं असतं, तर झालेलं झाकलं गेलं असतं. 'खून केलेले' काढून 'दिवंगत' लिहिणं हा आणखी एक अपराध झाला असता. पण नुसतं विशेषण ठेवणं म्हणजे माणसाला त्याच्यावर झालेल्या अन्यायाएवढंच उरवणं. यातून वाट कशी काढावी, याचं मला पटलेलं एक उत्तर या शहराच्या फुटपाथवर आहे.

गुंटर डेमनिग या कलावंतानं १९९६मध्ये बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागात पितळी पत्र्याचे छोटे चौकोनी दगड बसवले, दहा सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद. आता युरोपभर त्यांची संख्या लाखावर गेली आहे. दगड त्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरासमोर असतो. त्यावर 'एर्मोर्डेट' असतं, 'हद्दपार केलेला' असतं, वर्ष असतं. पण पहिली ओळ वेगळी आहे: 'इथे राहत होता', 'इथे राहत होती'. काही ठिकाणी 'इथे शिकत होती', 'इथे काम करत होता'. मग नाव, मग जन्मवर्ष. आधी माणसाचं स्वतःचं क्रियापद, ज्याचा कर्ता तो स्वतः आहे. त्याच्यावर काय केलं गेलं, ते त्यानंतर. दगडावर खुन्याचं नाव नाही, तेवढी उणीव इथेही आहे. पण ज्याचा खून झाला तो नुसता खून झालेला नव्हता, त्याला पत्ता होता, जिना होता, खिडकी होती, हे वाचणाऱ्याला आधी कळतं.

एवढा क्रम आपल्यालाही पाळता येईल. कुणाला निर्वासित, पीडित, धरणग्रस्त, परित्यक्ता म्हणण्याआधी ती व्यक्ती स्वतः काय करते, काय करत होती, ते एका वाक्यात सांगावं. ती शिवणकाम करते, तो गणित शिकवायचा, ते भात पिकवायचे. मग विशेषण लावावं, आणि लावलं की त्याचं पुन्हा पूर्ण वाक्य करून पाहावं: कुणी, केव्हा, आणि अजून का चालू आहे. वाक्य पुरं करता आलं नाही, तर निदान फांदी तुटलेली आहे असं म्हणू नये. ती तोडलेली आहे, कुणी तोडली ते अजून शोधायचं आहे, असं म्हणावं.